कार्ड काढायच्या आधी

बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या साऱ्या मुलखात मेलेल्या माणसांशी इतक्या अदबीनं वागणारा आणि जिवंत माणसांना इतकं छळणारा माणूस दुसरा झाला नसेल. हे मी माझ्या थोरल्या साडूंबद्दल म्हणतो आहे, आणि त्यांच्या तोंडावरही अनेकदा म्हटलेलं आहे. त्यावर ते "हलू नगा" एवढंच म्हणत, कारण मी बोलत असे तेव्हा बहुधा माझ्यासमोर त्यांचा कॅमेरा असे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून घरात सगळे त्यांना दाजी म्हणत, मीही दाजीच म्हणे. बारामतीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मूळ गाव इंदापूर तालुक्यातलं कळस. आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती. वडिलांनी ती विकून शेती धरली आणि दाजींनी शेती भावाच्या हवाली करून कॅमेरा धरला. मेंढरं गेली तरी हाकण्याची सवय रक्तात राहिली असावी. गिऱ्हाइकाला ते खांद्याला धरून वळवत, हनुवटीला बोट लावून वर करत, कान दिसत नसला तर केस मागे सारून कान बाहेर काढत. पासपोर्टच्या फोटोला बसलेल्या माणसाला "चेहरा जरा आत घ्या" असं सांगत. चेहरा आत कसा घ्यायचा हे मला अजून कळलेलं नाही, पण लोक घेत. पोलीस भरतीसाठी फोटो काढायला आलेला एक धिप्पाड गडी त्या स्टुलावर बसल्या बसल्या झोपी गेला होता. दाजींनी त्याला उठवलं नाही. तो आपणहून जागा झाला तेव्हा म्हणाले, "आता कसा चेहरा शांत झालाय. हलू नगा."

घरच्या माणसांचे हाल त्याहून वाईट. त्या काळी फिल्मचं रीळ धुवायला अंधारी खोली लागे, आणि दाजींची अंधारी खोली म्हणजे त्यांच्या घरची न्हाणी. कॅमेऱ्यातून रीळ काढायचं म्हटलं की ते न्हाणीत शिरून आतून कडी लावत. दाराच्या फटीला घोंगडं लावलेलं असे आणि आत मिट्ट काळोख. मग बाहेर कुणाला आंघोळ करायची आहे, कुणाला ऑफिस गाठायचं आहे, याच्याशी त्यांचा संबंध संपे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी त्यांच्याकडे उतरलो होतो. अक्कानं, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, मला पाटावर बसवून तेल लावलं, उटणं लावलं आणि न्हाणीकडे पाठवलं. न्हाणीला आतून कडी. मी दाराबाहेर कमरेला पंचा गुंडाळून उभा, अंगावर उटणं वाळून त्याला भेगा पडायला लागलेल्या, शेजारपाजारची फराळाला आलेली माणसं माझ्याकडे बघताहेत. आतून दाजींचा आवाज आला, "पावणं, थंडी वाजत असंल तर उन्हात उभं ऱ्हावा. रीळ अर्ध्यात सोडता येत न्हाय." अक्का म्हणाली, "ह्यास्नी रीळ अर्ध्यात सोडता येत न्हाय, माणूस सोडता येतो." हे ती चिडून म्हणाली नाही. तिला चिडायचा कंटाळा आलेला होता.

पण हाच माणूस मेलेल्याच्या फोटोला गेला की ओळखू येत नसे. आमच्याकडे बेवारस प्रेत सापडलं की पंचनाम्यासाठी फोटो काढायला पोलीस गावातल्या एखाद्या स्टुडिओवाल्याला बोलावतात. बाकीचे स्टुडिओवाले काही ना काही सबब सांगत, दाजी जात. मी पाटबंधारे खात्यात नोकरीला होतो, आणि कालव्याला पाणी सुटलं की दर दोन-चार महिन्यांनी एखादं बुडालेलं माणूस पाणी अडवायच्या कुठल्या तरी दाराला येऊन अडकत असे. म्हणजे खबर माझ्या ऑफिसातून पोलिसांकडे जायची आणि पोलिसांकडून दाजींकडे. आमच्या दोघांच्या कामातलं हे एवढंच काय ते नातं, आणि त्याबद्दल आम्ही घरात बोलत नसू. दाजींच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत एक धुतलेली पांढरी चादर, ओला करून पिळलेला टॉवेल आणि कंगवा असे. प्रेताजवळ गेले की ते आधी चपला काढत. मग चेहरा पुसत, गळ्याची बटणं लावत, केस विंचरून भांग पाडत, चादर हनुवटीपर्यंत ओढत आणि मगच कॅमेऱ्याला हात लावत. नाकाला रुमाल लावून उभे असलेले हवालदार वैतागत. एकदा एक जण म्हणाला, "अहो फोटोवाले, ह्याला काय बघायला पाव्हणे यायचेत का?" दाजी कंगवा न थांबवता म्हणाले, "फोटू पोलिसासाठी न्हाय, सायेब. ह्यो फोटू त्येच्या आईनं बघायचा हाय. आसा बघवंल का तिला?" त्यानंतर त्या हवालदारानं दाजींना कधी घाई केली नाही. निदान प्रेतापाशी तरी केली नाही.

नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी दाजींनी पुण्याच्या एका जाहिरातवाल्याकडून जुना डिजिटल कॅमेरा आणि त्याच्या जोडीला एक जुना मांडीवरचा कॉम्प्युटर आणला. बारामतीत तेव्हा अशी वस्तू कुणी पाहिलेली नव्हती. कॅमेऱ्याच्या पाठीवरची इवलीशी काच फुटलेली होती, त्यामुळे काढलेला फोटो कॅमेऱ्यात दिसत नसे. कॉम्प्युटरची बॅटरी कधीचीच गेलेली होती, त्यामुळे लाईट असेल तरच तो चाले. फोटो रिळावर न येता आगपेटीहून लहान अशा एका कार्डात जाऊन बसत. ते कार्ड एका चपट्या पत्र्याच्या पट्टीत बसवायचं आणि ती पट्टी कॉम्प्युटरच्या कुशीतल्या फटीत सारायची, की फोटो पडद्यावर. विकणाऱ्यानं एकच गोष्ट बजावून सांगितली होती. कार्ड बाहेर ओढायच्या आधी पडद्यावरच्या एका खुणेवर टिचकी मारून त्याला थांबवायचं, आता काढलं तरी चालेल असं कॉम्प्युटर म्हणेपर्यंत वाट बघायची, आणि दिवा लुकलुकत असताना तर हात लावायचाच नाही. लावला तर आतले फोटो जातील. दाजींनी मान डोलावली आणि पहिल्याच आठवड्यात, जन्मभर रीळ उपसलेल्या हातानं, एका बारशाचे सगळे फोटो असलेलं कार्ड फस्कन ओढून काढलं. फोटो गेले. दाजी त्या घरी जाऊन हात जोडून उभे राहिले आणि पुन्हा बारसं करा म्हणाले. ती माणसं भली, त्यांनी पुन्हा पाळणा बांधला, पुन्हा बायका बोलावल्या. पण मधल्या दिवसांत पोराच्या आत्याचं आणि आईचं नावावरून बिनसलं होतं. दुसऱ्या बारशाला आत्यानं भलतंच नाव घेतलं. त्या पोराला अजून घरात एका नावानं आणि शाळेत दुसऱ्या नावानं हाक मारतात, आणि दोन्ही नावं दाजींमुळे आहेत.

त्यानंतर दाजींनी कार्ड काढण्याचा जो विधी बसवला तो बघायला माणसं मुद्दाम थांबत. आधी पंखा बंद. पंख्याचा काय संबंध, असं विचारलं तर म्हणत, "संबंध न्हाय, पर नगं." मग स्टुडिओतल्या सगळ्यांना टेबलापासून लांब सारून भिंतीशी उभं करायचं. मग हात टॉवेलला पुसायचे आणि लोखंडी कपाटाला लावायचे, कारण अंगातली वीज कार्डात उतरते असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग टिचकी. मग पडद्यावर येणारं इंग्रजी वाक्य ते एकेक अक्षर जुळवत मोठ्यांदा वाचत आणि भिंतीशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांना त्याचा अर्थ सांगत, "आता काढाया हरकत न्हाय म्हंतोय." एवढ्यानंतरही ते काढत नसत. खुर्चीत बसून राहत. "त्यो म्हणाला म्हणून लगीच उठायचं नसतं. त्येला बी वाटू द्यावं आपल्याला घाई न्हाय." आणि मग कोकराच्या पायातला काटा काढावा तसं दोन बोटांनी ते कार्ड अलगद ओढून, आत कापूस घातलेल्या तपकिरीच्या डबीत ठेवत. दाजींकडे कार्ड एकच होतं. ते डबीत किंवा कॉम्प्युटरात असलं की कॅमेरा रिकामा. एकदा एक नवरा मुलगा मांडवात मुंडावळ्या बांधून ताटकळत होता आणि दाजी इकडे स्टुडिओत कार्डाला वाटू देत होते.

पुढच्या उन्हाळ्यात कालव्याला पाण्याचं आवर्तन चालू असताना कन्हेरीच्या बाजूला एका दारापाशी विशीच्या आतबाहेरच्या एका पोराचं प्रेत अडकलं. अंगात बनियन आणि चड्डी, म्हणजे पोहायला उतरलेलं असावं. बाकीचे कपडे काठावर शोधले, सापडले नाहीत. खात्याचा माणूस म्हणून मी तिथं होतो. दाजी आले ते डिजिटल कॅमेरा घेऊन, कारण रिळाच्या कॅमेऱ्याचा खटका लग्नसराईत अडकला होता आणि तो पुण्याला दुरुस्तीला गेला होता. पोलिसाच्या कामाला हा कॅमेरा ते पहिल्यांदाच वापरत होते. त्यांनी नेहमीप्रमाणे चपला काढल्या, चेहरा पुसला, चादर ओढली. पाण्यानं केस कपाळाला चिकटले होते, ते सोडवून त्यांनी डावीकडे भांग पाडला. चेहरा अजून ओळखू येण्याजोगा होता, पण ऊन असं होतं की तो फार वेळ तसा राहणार नव्हता. दाजी त्याच्याभोवती फिरून फिरून फोटो काढत राहिले. शेवटी हवालदारच म्हणाले, "फोटोवाले, पुरे करा आता. त्याला सावलीत घेऊ." दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी विचारायला आलं नाही, आणि प्रेत आणखी ठेवणं शक्य नव्हतं. पोलिसांनी त्याला मूठमाती दिली. त्या पोराचा चेहरा आता फक्त दाजींच्या तपकिरीच्या डबीत होता. लाईट नसल्यानं कार्ड अजून कॉम्प्युटरात गेलेलंच नव्हतं.

त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत मी स्टुडिओत डोकावलो. आदल्या दिवसापासून दाजी धड जेवले नाहीत असं अक्कानं सांगितलं होतं, तिनं दिलेला डबा माझ्या हातात होता. आत दाजी डबीवर हात ठेवून बसलेले, आणि माझ्या मागोमागच हवालदार एका बाईंना घेऊन आत आले. पन्नाशीच्या, सडसडीत, डोक्यावरून पदर, पायात टायरच्या चपला. बाई निरवांगीच्या होत्या. नवरा मागेच वारलेला. एकुलता मुलगा बारामतीला एका टेम्पोवर क्लीनर म्हणून लागला होता, तो ठरल्या दिवशी घरी आला नाही. टेम्पोवाला म्हणाला कामावरही नाही. कुणीतरी कालव्याचं सांगितलं म्हणून ती मिळेल त्या एस.टी.नं निघून पोलिसांकडे आली होती. हवालदार दाजींना हळूच म्हणाले, "फोटो दाखवा." दाजी म्हणाले, "लाईट न्हाय." मग आम्ही चौघं लाईटची वाट बघत बसलो. बाईंना खुर्ची दिली तर त्या खाली भिंतीला टेकून बसल्या. भिंतीवर दाजींनी काढलेल्या नवरानवरींचे फोटो होते, ते सगळे आमच्याकडे बघून हसत होते.

लाईट आली. दाजींनी हात पुसले, कपाटाला लावले, कार्ड सारलं. दिवा लुकलुकायला लागला. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि तिथंच थिजलं. माऊस हलेना, काही होईना. दिवा मात्र लुकलुकत होता. हवालदार उभे राहून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "अडकलंय. काढून परत घाला की."

"न्हाय," दाजी म्हणाले.

"अहो, ती बाई बसलीय तिथं."

"म्हणूनच न्हाय."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मीही दाजींना म्हणालो, की दाजी, बंद करून चालू करून बघा. दाजींनी मान हलवली. त्यांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थेंब थेंब पडत होता आणि तो कार्डावर पडू नये म्हणून ते मान वाकडी करून बसले होते. इतर वेळी मी हसलो असतो. हवालदार पुन्हा काही बोलणार तेवढ्यात खालून बाईंचा आवाज आला.

"असू द्या, दादा. हुईल तवा हुईल. मला घाई न्हाय."

दाजींनी मान वळवून पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. मांडीवर पदराचं टोक घेऊन त्याला पीळ देत होती, सोडत होती, पुन्हा पीळ देत होती. त्या खोलीत आम्हा सगळ्यांना घाई होती, तिला नव्हती. तो दिवा लुकलुकत होता तोवर तिचा मुलगा कुठंही असू शकत होता. टेम्पोवर दूर कुठं गेलेला, कुणा मित्राकडे पडलेला, रागावून बसलेला. हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं, पण दाजींच्या ध्यानात माझ्या आधी आलं असावं. ते म्हणाले, "व्हय मावशी. मशीनला येळ लागतो."

त्यानंतर केव्हातरी घड्याळ गेलं आणि फोटो उघडला. मी दाजींच्या मागे उभा होतो म्हणून मला दिसला. दाजींनी कॉम्प्युटर आणखी आपल्याकडे वळवला आणि आवाजात काही फरक न करता म्हणाले, "पावणं, कोपऱ्यावरून च्या सांगा. मावशी सकाळपासून उपाशी असत्याल." मी चहा सांगून आलो. चहा आला. बाईंनी बशीत ओतून तो फुंकर घालत घालत प्यायला. फोटो उघडलाय हे हवालदारांनाही एव्हाना समजलं होतं, ते दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. बाईंनी बशी खाली ठेवली, तोंड पुसलं, आणि मग दाजींनी कॉम्प्युटर तिच्याकडे वळवून जमिनीवर, तिच्यासमोर ठेवला. वायर पुरेना म्हणून ते हातानं ती ताणून धरून बसले.

तिनं खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "भांग ह्या अंगाला न्हाय पाडत त्यो."

हवालदार चटकन आत आले. "म्हणजे हा तुमचा मुलगा नाही?"

"माझाच हाय," ती म्हणाली. "भांग कुणीतरी उलटा पाडलाय."

"मी पाडला, मावशी," दाजी म्हणाले. "मला ठावं नव्हतं."

"बरं केलं," ती म्हणाली. "कुणीतरी इचरलं त्येला." मग तिनं पडद्यावर, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या शिंप्यानं मशीन थांबवली.

मूठमाती दिलेली जागा तिला हवालदारांनी दाखवली. दाजी बरोबर गेले. ती परत निघाली तेव्हा तिनं दाजींना विचारलं, भिंतीवर लावायला फोटो करता येईल का. मुलाचा दुसरा फोटो नव्हता. शाळेतल्या एका गटाच्या फोटोत होता, पण तिथं त्याचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. दाजी हो म्हणाले आणि मग आठवडाभर अस्वस्थ होते. मेलेल्याच्या फोटोत डोळे मिटलेले असतात. भिंतीवर लावायच्या फोटोत ते उघडे लागतात. आजवर दाजी ते बारीक कुंचल्यानं रंगवत आणि त्यात त्यांचा हात अगदीच बेताचा होता. दाजींनी डोळे रंगवलेली आमच्या भागातली सगळी मृत मंडळी घरात साप शिरल्यासारखी बघत असतात. माझ्या सासऱ्यांचाही फोटो त्यातलाच. सासूबाई त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसत. या पोराचं तसं करायला दाजींचा हात धजेना. त्यांनी निरवांगीला निरोप धाडून विचारलं, डोळे कुणासारखे होते. निरोप आला, लोक म्हणतात माझ्यासारखे.

मग दाजींनी ठरवलं की तिच्याच डोळ्यांचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर तो त्याच्या चेहऱ्यावर बसवायचा. ती बाजाराच्या दिवशी आली. दाजींनी तिला स्टुलावर बसवलं, दिवे लावले, कॅमेऱ्यातून बघितलं आणि दिवे बंद केले. "मावशी, आज न्हाय जमायचं. डोळं सुजल्यात. रडून आलेलं डोळं त्येला लावता येत न्हाईत. न रडता या." हे ऐकून डबा घेऊन आलेल्या अक्कानं कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याला म्हणाली, "पोर गेलेल्या बाईला सांगताय न रडता या? कधी यायची ती?" दाजी म्हणाले, "यील. मी काय घाई केलीय का?" बाईंना मात्र त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्या मान डोलावून गेल्या, जसं डॉक्टरनं पथ्य सांगावं आणि रोग्यानं ऐकून घ्यावं.

ती पुन्हा आली तेव्हा पाऊस होऊन गेलेला होता, कालव्याकडेच्या बाभळींना पालवी फुटली होती. योगायोगानं मी त्या दिवशीही होतो. चेहरा उतरलेलाच होता, पण डोळे कोरडे आणि स्वच्छ होते. "आज बघा," ती म्हणाली, "काल बी न्हाय रडले." दाजींनी कॅमेरा घेतला आणि लक्षात आलं की कार्ड कॉम्प्युटरात आहे. मग सगळा विधी आला. पंखा बंद. मला भिंतीशी उभं केलं, तिला स्टुलासकट मागे सरकवलं. हात पुसले, कपाटाला लावले. टिचकी मारली. एकेक अक्षर जुळवून इंग्रजी वाक्य वाचलं. "आता काढाया हरकत न्हाय म्हंतोय," तिला सांगितलं, आणि काही न काढता मांडीवर हात ठेवून बसून राहिले. ती त्यांच्याकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं, मी भिंतीशी शाळेतल्या पोरासारखा उभा. शेवटी दाजींनी श्वास रोखून, दोन बोटांनी कार्ड ओढलं, तशी ती म्हणाली, "बाळंतीण सुटताना बी एवढं करत न्हाईत, दादा," आणि हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, खरोखरची हसली. तिचे डोळे बारीक झाले, कडांना सुरकुत्या गोळा झाल्या आणि आत काहीतरी चमकून गेलं. तेवढ्यापुरती ती बाई मला विशीतली वाटली.

दाजी कार्ड हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. मग भानावर येऊन त्यांनी ते कॅमेऱ्यात घातलं, झाकण लावलं, कॅमेरा डोळ्याला लावला. तोवर तिचं हसू आटोपलं होतं, आणि आपण हसलो हे ध्यानात येऊन ती ओशाळली होती. पदर नीट करून ती ताठ बसली. दाजींनी फोटो काढले. "हलू नगा" मात्र ते म्हणाले नाहीत.

काम बरेच दिवस चाललं. भांग उजवीकडे फिरवला, चादरीच्या जागी सदरा चढवला, डोळे बसवले. फ्रेम झाली तेव्हा ती घेऊन दाजी स्वतः निरवांगीला निघाले आणि मला सोबत नेलं. एस.टी.त फ्रेम उभी धरून ते सारा वेळ बसले होते. तिच्या घरी भिंतीवर खिळा आधीच ठोकून ठेवलेला होता. दाजींनी तो काढून दुसऱ्या भिंतीवर ठोकायला लावला, कारण पहिल्या जागेवर दुपारचं ऊन येऊन रंग उडाला असता. फोटो लागला. आळीतली माणसं येऊन बघून गेली, हुबेहूब म्हणाली. एक म्हातारा म्हणाला, "आत्ता बोलंल आसं वाटतंय." बाई सगळ्यांच्या मागे उभी होती. सगळे गेल्यावर पुढे आली, बघितलं, म्हणाली, "व्हय. त्योच हाय." तिनं आम्हाला भाकरी, पिठलं आणि कांदा वाढला. फोटोकडे पाठ करून दाजींना बसता येईना आणि तोंड करूनही बसता येईना, म्हणून ते आडवे, दाराकडे तोंड करून बसले होते.

परतीच्या एस.टी.त वाटेत कळस लागलं. स्वतःचं गाव आलं तरी त्यांनी खिडकीबाहेर बघितलं नाही. मग म्हणाले, "पावणं, हुबेहूब न्हाय झाला."

मी म्हणालो, "दाजी, त्याची आई म्हणाली तोच आहे म्हणून."

"तिला म्हणावं लागतं. मी एवढ्या लांबून फ्रेम घिऊन गेलो हुतो." मग म्हणाले, "ती हसली तवाचं डोळं त्या पोराचं हुतं. मला तवाच कळलं. पर कार्ड माझ्या हातात हुतं."



त्यानंतरच्या आठवड्यात दाजी पुण्याला जाऊन आणखी एक कार्ड घेऊन आले आणि ते कायमचं कॅमेऱ्यात घालून ठेवलं. ती बाई पुढे बाजाराला आली की कधीमधी स्टुडिओत टेकायची, अक्का असली तर तिच्याशी दोन शब्द बोलायची, चहा प्यायची. ती आली की दाजी हातातलं काम टाकून कॅमेरा जवळ ओढून बसत आणि तिला इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत. त्या गोष्टी विनोदी असाव्यात असा त्यांचा समज होता. ती ऐकून घ्यायची, मान डोलवायची, एस.टी.ची वेळ झाली की पिशवी उचलून निघायची. तशी ती पुन्हा हसली नाही. निदान आमच्यासमोर तरी नाही.